साकाईची सुरी, एचिझेनचा विळा

सोमवार, ओसाका

ओसाकात उतरल्यावर बहुतेक लोक आधी किल्ला बघतात. आम्ही सामान टाकलं आणि नांबाच्या मागच्या दोगुयासुजी नावाच्या गल्लीत शिरलो. वरून छप्पर असलेली ही गल्ली स्वयंपाकाच्या सामानाची. खानावळी चालवणारे लोक इथून पातेली, झारे, कागदी कंदील, काउंटरवर मांडायचे प्लास्टिकचे नकली पदार्थ असं सगळं नेतात. मला बघायच्या होत्या सुऱ्या. बहिणीचा मुलगा ओसाकात नोकरीला असल्यामुळे भाषेची सोय झाली होती, आणि त्याने आठवडाभर रजा टाकली होती.

पहिल्याच दुकानात काचेमागे शंभरेक पाती मांडलेली. दुकानदाराने "किती पैशांपर्यंत?" असं विचारलं नाही. त्याचा प्रश्न होता, "कापणार काय?" मी म्हटलं, बांगडा, सुरमई, पापलेट, मी वेंगुर्ल्याची, घरात आठवड्यातून तीनदा तरी मासळी असते. त्याने समोरची लांब, सडपातळ यानागिबा बाजूला सारली. ती कच्च्या माशाचे काप एका ओढीत काढण्यासाठी असते. रुंद पात्याची उसुबाही सारली, ती भाजीची. मग त्याने देबा पुढे ठेवली: आखूड, जाड पाठीची, हातात घेताच वजन जाणवणारी. माशाचं डोकं उतरवायला, काट्यालगत मांस सोडवायला हीच. तिन्हींची धार एकाच बाजूने काढलेली, दुसरी बाजू जवळजवळ सपाट. त्यामुळे उजव्या हाताची सुरी वेगळी आणि डाव्या हाताची वेगळी, आणि डावखुऱ्यांची बहुधा सांगूनच करून घ्यावी लागते. भाचा डावखुरा आहे, त्याला हे ऐकून फार वाईट वाटलं.

तिथे काही घेतलं नाही. जिथे ही पाती घडतात ते गाव ट्रामने तासाभरावर होतं.

मंगळवार, साकाई

ओसाकाच्या तेन्नोजीहून हांकाई ट्रामचा एकच डबा निघतो. घरांच्या परसांना खेटून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या शेजारून जात तो यामातो नदी ओलांडतो आणि साकाई शहरात येतो.

आधी महापालिकेच्या इमारतीच्या एकविसाव्या मजल्यावर गेलो, तिथलं शहर बघायचं काचेचं दालन सगळ्यांना फुकट आहे. समोर दाट झाडीचा एक लांबच लांब डोंगर दिसतो, पण तो डोंगर नव्हे, थडगं आहे. दाइसेन कोफुन, लांबी 486 मीटर, पाचव्या शतकातलं, सम्राट निंतोकूचं मानलं जातं. वरून पाहिलं तर आकार कुलपाच्या छिद्रासारखा, पण इतक्या उंचीवरूनही तो नीट कळत नाही. परिसरातल्या अशा थडग्यांच्या समूहाला 2019 साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. सुरीशी याचा संबंध असा, की एवढी माती हलवायला कुदळी-फावडी लागली आणि ती घडवायला लोहार लागले. साकाईची माणसं आपल्या लोहारकामाचं मूळ तिथवर नेतात.

त्यानंतरची हजार वर्षं सोडून मी थेट पोर्तुगीजांवर येते. 1543 साली तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज व्यापाऱ्यांसोबत बंदूक आली आणि बघता बघता साकाईचे लोहार बंदुका करू लागले. नळी एकाने घडवायची, लाकडी दस्ता दुसऱ्याने, चाप तिसऱ्याने, अशी कामाची वाटणी तेव्हाच पडली. पोर्तुगीजांनी तंबाखूही आणली. जपानात ती केसासारखी बारीक चिरून छोट्या चिलमीत ओढायचे, त्यामुळे तंबाखू चिरायच्या सुरीला मागणी आली आणि साकाईने ती सुरी केली. पुढे एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, शोगुनच्या (लष्करी सत्ताधीशाच्या) सरकारने या सुऱ्यांना 'साकाई किवामे' असा शिक्का दिला, म्हणजे अव्वल दर्जाची सरकारी खूण. गावाचं नाव देशभर झालं ते या शिक्क्यामुळे.

ट्रामच्या वाटेजवळ एक साधी बाग आहे, मुलांचे झोपाळे आणि काही झाडं. तिला झेवियर पार्क म्हणतात. सेंट फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये गोव्याहून निघून त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कागोशिमाला उतरले आणि पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात क्योटोच्या वाटेवर साकाईत थांबले. त्यांना आसरा देणाऱ्या व्यापाऱ्याचं घर इथे होतं. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बासिलिकेत त्यांचं शरीर ठेवलेलं आहे, तिथे मी लहानपणापासून कितीतरी वेळा गेले आहे. आपल्याकडे तंबाखू आणि मिरची ज्यांच्या जहाजांतून आली, त्याच लोकांनी या गावाच्या भट्ट्यांना काम दिलं, हे त्या बागेत उभं राहून मला पहिल्यांदा नीट जाणवलं.

संध्याकाळी उत्तरेकडे ताकासू देवळाच्या थांब्यावर उतरून एका बंदूक-लोहाराचा जुना वाडा पाहिला. बाहेर काळपट लाकडी जाळीच्या खिडक्या, आत जमिनीत भट्टीची जागा. बंदुकांचे दिवस गेल्यावर या गावातली लोखंडाची जाण सायकलींकडे वळली. सायकलीचे गिअर करणारी शिमानो कंपनी 1921 पासून याच शहरातली.

बुधवार, साकाई

आज लोहाराकडे. भाच्याने एका घाऊक व्यापाऱ्यामार्फत आधीच परवानगी काढून ठेवली होती, कारण अशा ठिकाणी आपलं आपण जाऊन दार ठोठावायचं नसतं.

बाहेरून कुठल्याही गल्लीतलं पत्र्याचं गॅरेज वाटावं अशी जागा. आत सगळं काजळीने काळं. साठी ओलांडलेले लोहार जमिनीत खणलेल्या खड्ड्यात कमरेपर्यंत उभे होते, त्यामुळे भट्टी, ऐरण आणि पट्ट्यावर चालणारा यांत्रिक घण, तिन्ही त्यांच्या हाताच्या उंचीवर. वाकायचं नाही, चालायचं नाही, नुसतं वळायचं.

त्यांनी मऊ लोखंडाची पट्टी भट्टीत लाल केली, बाहेर काढली, तिच्यावर टाकणखार आणि लोखंडाचा कीस यांची भुकटी शिंपडली आणि वर बोटभर रुंद पोलादाचा तुकडा ठेवला. हातोडीने हलकेच दाबून पुन्हा भट्टीत. दुसऱ्यांदा बाहेर आली तेव्हा यांत्रिक घणाखाली धरली. पहिल्या ठोक्याला वितळलेली भुकटी ठिणग्यांसकट चारी बाजूंनी उडाली, मी दोन पावलं मागे गेले. चार-सहा ठोक्यांत दोन धातूंची एक पट्टी झाली. टाकणखार मधला मळ वितळवून बाहेर काढतो, म्हणून दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ भिडतात. उष्णता कमी पडली तर सांधा बसत नाही, जास्त झाली तर पोलादातलं कार्बन जळतं, कण मोठे होतात आणि पुढे धार ठिसूळ होते. भट्टीला तापमापक नव्हता. ते रंगावर चालले होते.

सगळीच सुरी पोलादाची का नाही, असं मी विचारलं. पूर्ण पोलादाची सुरीही होते, होनयाकी म्हणतात. ती महाग, करायला अवघड आणि घरी धार लावायला त्याहून अवघड. मऊ लोखंडाच्या पाठीमुळे पातं धक्का सोसतं आणि दगडावर चटकन झिजतं. कठीण असतो तो फक्त धारेचा थर. त्यांनी जुनं, धार लावून लावून निम्मं झालेलं पातं दाखवलं. कुणा आचाऱ्याने अनेक वर्षं वापरून दुरुस्तीला पाठवलं होतं. पोलादाचा थर अजून शिल्लक होता.

पोलाद त्यांच्याकडे शिमाने प्रांतातल्या यासुगी गावच्या कारखान्यातून येतं. शिरोगामी, म्हणजे पांढऱ्या कागदाचं, जवळजवळ शुद्ध कार्बन-पोलाद. आणि आओगामी, निळ्या कागदाचं, ज्यात थोडं टंग्स्टन आणि क्रोमियम घातलेलं असतं, म्हणून धार जास्त टिकते. शिरोगामीच्या दोन नंबरात कार्बन एक टक्क्याच्या थोडं वर असतं. तलवारीसाठी लागणारं तामाहागाने हे वेगळंच प्रकरण. ते त्याच प्रांतात ओकुइझुमोला, मातीच्या भट्टीत काळी वाळू आणि कोळसा घालून तीन दिवस-तीन रात्री जाळून काढतात, आणि ते जातं तलवारी करणाऱ्यांकडे. स्वयंपाकाची सुरी विकताना 'सामुराई तलवारीचं पोलाद' म्हणणाऱ्या जाहिराती मला म्हणूनच आवडत नाहीत. कारखान्यातलं शुद्ध, दर वेळी सारखं निघणारं पोलाद आणि त्याला ओळखणारा हात, एवढ्यावर ही सुरी उभी आहे. तिला उसन्या दंतकथेची गरज नाही.

त्या दिवशी पाणी पाजायचं, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवून कठीण करायचं काम होतं, म्हणून आमचं नशीब मोठं. आधी घडवलेली पाती गवताच्या राखेत सावकाश निवलेली होती. त्यांच्यावर मातीचा पातळ लेप दिला आणि भट्टीशेजारी वाळवला. तापलेलं उघडं पोलाद पाण्यात गेलं की भोवती वाफेचं पांघरूण तयार होतं आणि ते कुठे लवकर, कुठे उशिरा गार होतं. लेपामुळे पाणी सगळीकडे सारखं लागतं. मग त्यांनी खिडकीची झडप ओढली, दिवा बंद केला. या कामाला कोक चालत नाही, देवदाराच्या जातीच्या लाकडाचा हलका कोळसा लागतो. अंधारात फक्त पातं दिसत होतं. ते चिमट्याने मागे-पुढे सरकवत होते, टोक लवकर तापतं म्हणून ते क्षणभर बाहेर, पुन्हा आत. आठशे अंशांच्या जरा खाली जो केशरी रंग येतो तो सगळ्या पात्यावर सारखा पसरला आणि त्याच क्षणी पातं पाण्यात. आवाज अगदी थोडा झाला. मला मोठा चर्रकन होईल असं वाटलं होतं.

असं पातं कठीण असतं पण काचेसारखं तडकू शकतं. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर धरतात, आणि किती तापलं हे बघायला त्यावर पाण्याचे थेंब टाकतात. भाकरीचा तवा तापला का हे बघायला आपण पाणी शिंपडतो, तसंच. थेंब कसे नाचतात त्यावरून ते पातं उतरवतात. दोन धातू वेगवेगळे आकसतात म्हणून पातं वाकतं; ते डोळ्यासमोर धरून, एका बाजूने हातोडीने टिचक्या मारत सरळ केलं. इथे लोहाराचं काम संपलं. पातं अजून काळं होतं आणि त्याला धार अजिबात नव्हती.

दुपारी दोन गल्ल्या सोडून धारवाल्याकडे. साकाईत लोहार वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. घरं वेगळी, घराणी वेगळी. धारवाल्याच्या खोलीत माणसाच्या छातीएवढी दगडी चाकं पाण्यात फिरत होती आणि भिंती दगड-लोखंडाच्या करड्या चिखलाने माखलेल्या. लाकडी पट्टीत पातं अडकवून, अंगाचा भार देऊन ते चाकाला लावायचे, उचलायचे, उजेडाकडे धरायचे, पुन्हा लावायचे. जाडी काढायचं चाक वेगळं, उतार आणायचं वेगळं, मग बारीक दगड. मागच्या बाजूला हलका खोलगटपणा आणायचा, म्हणजे कापलेला तुकडा चिकटत नाही आणि पुढे घरी धार लावताना फक्त कडांना दगड लागतो. लोहाराने घालवलेला सगळा दिवस इथे एका चुकीच्या दाबाने वाया जाऊ शकतो, कारण कोरडं तापलं की पाजलेलं पाणी उतरतं. म्हणून पाणी सतत. शेवटच्या हातानंतर लोखंडाचा भाग धुकट आणि धारेचा पट्टा चकचकीत, दोन रंग स्पष्ट दिसू लागले.

आपल्याकडेही घडवणारा लोहार आणि धार देणारा शिकलगार वेगळे होते. मराठ्यांच्या तलवारी शिकलगारांच्या हातून चमकल्या, पण त्यांच्या वाट्याला पुढे काय आलं आणि साकाईतल्या या धारवाल्याच्या वाट्याला काय आलं, यातला फरक मला बोचला. इथे लोहाराने धारवाल्यांबद्दल बोलताना आदराने आवाज खाली आणला होता. "मी पातं करतो, सुरी ते करतात," असं तो म्हणाला.

व्यापाऱ्याच्या दुकानात मी साडेपाच सुनची, म्हणजे साधारण साडेसोळा सेंटिमीटरची देबा निवडली. शिरोगामी दोन. किंमत वीस हजार येनच्या आसपास. पात्यावर नाव कोरतात ते दुकानाचं. लोहाराचं आणि धारवाल्याचं बहुधा नसतं. शनिवारी मूठ बसवून मिळेल, असं ठरलं.

गुरुवार, एचिझेनकडे

थंडरबर्ड गाडीने त्सुरुगा, तिथे वरच्या मजल्यावर बुलेट ट्रेन, आणि थोड्याच वेळात एचिझेन-ताकेफू, फुकुई प्रांतातल्या एचिझेन शहराचं स्टेशन. ताकेफू हे त्या शहरातल्या मुख्य गावाचं जुनं नाव. हा नवा मार्ग मार्च 2024 पासून सुरू आहे. स्टेशनबाहेर कापणी झालेली भातशेतं, मागे डोंगर. जेवायला ओरोशी सोबा: गार शेवया, वर किसलेला पांढरा मुळा आणि त्याचं तिखट पाणी. मला अतिशय आवडलं. संध्याकाळ पावसात गेली.

शुक्रवार, ताकेफू

इथली गोष्ट सांगतात ती अशी. 1337 साली कुनियासू नावाचा क्योटोचा तलवार घडवणारा चांगलं पाणी आणि जागा शोधत इथे आला. तलवारी करता करता तो आसपासच्या शेतकऱ्यांना विळे करून देऊ लागला. पुढे एचिझेनचं नाव झालं ते विळ्यांनी. इथले लाख काढणारे लोक झाडांना चिरा पाडत देशभर फिरायचे आणि जाताना गावचे विळे घेऊन विकायचे. हत्यार गावोगाव पोचलं ते असं, वापरणाऱ्याच्या खांद्यावरून. कोकणात भातकापणीच्या आधी रस्त्याकडेला पाल टाकून बसणारे घिसाडी मला आठवले. बायकोने भाता चालवायचा, नवऱ्याने घण. त्यांचे विळे आमच्या घरी अजून आहेत.

ताकेफू नाइफ व्हिलेज गावाबाहेर शेतांच्या कडेला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठशाने कापलेल्या स्वस्त सुऱ्या आल्या आणि हाताने घडवणाऱ्यांचं काम आटलं. तेव्हा इथल्या काही तरुण लोहारांनी फुकुईचेच डिझायनर काझुओ कावासाकी यांना बरोबर घेऊन नव्या घडणीच्या सुऱ्या केल्या, आणि 1993 मध्ये दहा कारखान्यांनी मिळून एक सामायिक कार्यशाळा उभारली. भट्ट्या, घण, चाकं सगळ्यांची मिळून. प्रत्येकाचा धंदा मात्र स्वतंत्र. शेजारचा स्पर्धक तुमचाच घण वापरतो, आणि तरी हे तीस वर्षांहून जास्त चाललं आहे.

वरच्या सज्जातून सगळं दिसतं, तिकीट नाही. खाली काम करणाऱ्यांत तरुण मुलं-मुली बऱ्याच होत्या, हे बघून मला फार बरं वाटलं. साकाईत मला बहुतेक पिकलेलेच केस दिसले होते.

इथली खास पद्धत मी बराच वेळ बघत उभी राहिले. दोन पाती एकावर एक ठेवून एकत्रच घणाखाली धरतात. एकटं पातळ पातं पटकन गार होतं. दोन जोडीने राहिली की उष्णता धरून ठेवतात आणि दोन्ही सारखी पसरतात. मध्येच पाती पलटायची, वरचं खाली, खालचं वर, आणि पुन्हा घण. एका मुलीने ही पलटी इतक्या सहज मारली की भाचा म्हणाला, "मावशी, तू बघितलंस का? चिमटा सुटला असं वाटलं मला." तिचं लक्ष फक्त रंगाकडे होतं.

एचिझेनच्या घडीव पात्यांना सरकारने 1979 साली पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. घडीव पात्यांत हा मान मिळालेलं हे पहिलं ठिकाण. साकाईला तो 1982 मध्ये मिळाला. पण गाव जुन्याला चिकटून बसलेलं नाही. गंज न धरणारं व्हीजी-10 पोलाद करणारी कंपनी याच शहरातली. दुकानात लाटांसारखी नक्षी असलेली पाती खूप दिसतात. ती थरांच्या तयार पत्र्यातून येते, दिसायला देखणी, पण कापायच्या कामात तिचा फारसा वाटा नाही. कापतो तो मधला एकच थर. घेणाऱ्याने नक्षीचे पैसे नक्षीसाठीच द्यावेत.

दुपारी धार लावायच्या वर्गाला बसले. शिकवणारे गृहस्थ आधी बोटं कुठे ठेवायची तेच दाखवत राहिले. दगड भिजवलेला, खाली ओलं फडकं. दोन बाजूंनी धार असलेल्या साध्या सुरीला पाठ साधारण पंधरा अंश उचलायची, आणि दाब पुढे ढकलताना. थोड्या वेळाने उलट बाजूला बोट फिरवलं की धारेला बारीक खरबरीत कड आलेली लागते. ती टोकापासून मुठीपर्यंत सलग आली की बाजू पलटायची. दगडावर जमलेला चिखल धुवून टाकायचा नाही, काम तोच करतो. मग टोमॅटो दिला. मी सुरी नुसती ठेवली आणि ओढली, दाबलीच नाही. साल, गर, बिया, कुठेही न चुरगळता काप पडला. त्या कापाची कड मी खिडकीपाशी नेऊन पाहिली.

शनिवार, क्योटो आणि पुन्हा साकाई

सकाळी क्योटोच्या निशिकी बाजारातून भर्रकन गेलो. तिथलं आरित्सुगू दुकान 1560 सालापासूनचं, सुरुवात तलवारींची. 1876 मध्ये मेइजी सरकारने चारचौघांत तलवार लावून फिरायला बंदी घातली तेव्हा कितीतरी घडवणारे कात्र्या, विळे, सुऱ्यांकडे वळले. बाजारात गर्दी इतकी की उभं राहायला जागा नव्हती, म्हणून निघालो.

साकाईत दुकानाच्या मागच्या खोलीत मूठ बसवायचं काम चाललं होतं. होनोकी नावाच्या हलक्या पांढऱ्या लाकडाची मूठ, तोंडाशी म्हशीच्या शिंगाची काळी कडी. पात्याचं शेपूट लाल करून मुठीच्या छिद्रात खुपसलं, पांढरा धूर निघाला, जळक्या लाकडाचा वास सुटला. मग मूठ उलटी धरून लाकडी हातोडीने तिच्या बुडावर ठोके. पातं खाली लटकलेलं असतानाही प्रत्येक ठोक्याला ते वर, मुठीत सरकत होतं. शेवटी डोळ्यासमोर धरून रेषा तपासली, एक टिचकी, झालं.

दुकानातल्या बाईंनी सूचना दिल्या आणि भाच्याकडून एकेक वदवून घेतल्या. काम झालं की लगेच धुवायची, पुसायची. भांड्यांच्या ढिगात टाकायची नाही. आंबट चिरून तशीच ठेवायची नाही. नारळ फोडायचा नाही, गोठवलेल्या माशावर मारायची नाही. कोकणातल्या दमट हवेचं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, पावसाळ्यात तेलाचं बोट फिरवून कागदात गुंडाळा. विमानात ही चेक-इनच्या बॅगेतच जाणार. आणि रस्त्यातही बंद खोक्यातच ठेवायची, कारण सहा सेंटिमीटरहून लांब पातं कारणाशिवाय जवळ बाळगायला जपानात कायद्याने मनाई आहे.

मग दगडाचा प्रश्न. एक हजार नंबरचा दगड रोजच्या धारेला, तीन हजारचा, म्हणजे जास्त बारीक, त्यावर हात फिरवायला. दोन्ही मिळून चांगलेच जड. भाचा म्हणाला, "मावशी, दगड कशाला नेतेस? आपल्याकडे मिळेल की." मिळेलही. पण ज्या नंबरावर काल हात बसला तोच मला हवा होता, म्हणून दोन्ही घेतले, आणि बहिणीसाठी घेतलेली चिनी मातीची भांडी त्याच्याकडे ठेवली. दिवाळीला तो घरी येईल तेव्हा आणेल.